सुभद्राबाईचा डिंकाचा पाठ

नागपूरच्या इतवारीत भांड्यांची गल्ली संपून धान्याचे अडते जिथे सुरू होतात, त्या कोपऱ्यावर भैय्याजींचं दुकान होतं. पुढे बसायला पांढरी गादी, मागे लांबलचक गोदाम आणि गोदामात छतापर्यंत रचलेली पोती. हिरडा, बेहडा, चारोळी, जंगलातलं जे काही विकण्यासारखं असेल ते सगळं तिथे मिळायचं, पण दुकानाचं नाव होतं ते डिंकासाठी. आणि खरं सांगायचं तर ते नाव भैय्याजींनी कमावलेलं नव्हतं, सुभद्राबाईच्या जिभेनं कमावलेलं होतं. भैय्याजींनाही हे पक्कं ठाऊक होतं. पण मालक माणूस, असल्या गोष्टी बोलून दाखवण्याइतका भोळा कसा असेल?

सुभद्राबाई इंदोऱ्याच्या वस्तीतून रोज पायी यायची. आल्या आल्या पदर खोचायचा, पोतं जमिनीवर पालथं करायचं आणि सूप घेऊन बसायचं. जंगलातून येणारा डिंक म्हणजे सगळा सरमिसळ माल. त्यात धावडा, बाभूळ, कडई असा निरनिराळ्या झाडांचा डिंक असतो, झाडाची साल असते, खडे असतात, आणि वजन वाढावं म्हणून कुणीतरी मनापासून घातलेली मातीही असते. ते सगळं वेगळं करायचं. हात भराभर चालत आणि डोळे त्याहून भराभर. पोतं निवडून झालं की दुकानाचा एक नेम होता. त्या पोत्यातला एक खडा सुभद्राबाईनं भैय्याजींसमोर तोंडात टाकायचा. तिनं तो गिळला तर पोतं खाण्याच्या मालात जाई. तिनं तो थुंकला तर पोतं शाईवाल्यांना आणि कागदवाल्यांना जाई. त्यावर अपील नव्हतं. एकदा एका मोठ्या व्यापाऱ्यानं वाद घातला, तर भैय्याजी म्हणाले, "तिनं थुंकलं न गा, मंग मी काय करू?"

अशी सव्वीस वर्षं झाली. महालातल्या, इतवारीतल्या, पार सीताबर्डीपर्यंतच्या बाळंतिणींनी सुभद्राबाईनं निवडलेल्या डिंकाचे लाडू खाल्ले, त्यांची मुलं मोठी झाली, त्या मुलांच्या बायकांनीही खाल्ले. आणि या सव्वीस वर्षांत त्या घरांपैकी एकाही घरातल्या माणसानं सुभद्राबाईच्या हातून काही घेऊन तोंडात घातलं नव्हतं.

ही गोष्ट ती बोलत नसे. नवऱ्याबरोबर तिनं छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, घरातले जुने देव उतरवले आणि मान ताठ केली. ती मान पुन्हा कधी वाकली नाही. पण मान ताठ असली तरी आत काही लागायचं ते लागतच होतं. भैय्याजींना नातू झाला तेव्हा तिनं स्वतःच्या पैशाचं तूप आणून, निवडक धावडा तळून लाडू केले होते आणि नवा डबा भरून त्यांच्या घरी नेले होते. शेठाणी गोड हसल्या. "ठेवा बाई तिथं," म्हणाल्या. डबा दुसऱ्या दिवशी लखलखीत घासून परत आला. आणि संध्याकाळी हातगाडी ओढणारा धोंडबा दुकानाच्या पायरीवर टेकून मोठ्या समाधानानं म्हणाला, "बाई, कालचे लाडू लय झकास होते जी. आमी चौघायनं मिळून खाल्ले." धोंडबाला बिचाऱ्याला काय कल्पना. सुभद्राबाई म्हणाली, "खाल्ले न? बरं झालं." आणि सुपात तोंड घालून बसली.

तर चौऱ्याहत्तर सालच्या डिसेंबरात वामनराव गुरुजी दुकानात आले. हे जवळच्याच शाळेत चौथीला शिकवायचे. माणूस मोठा सज्जन आणि मोठा भित्रा. काळी टोपी, कोटाच्या खिशात दोन खडू, आणि बोलताना समोरच्याच्या चेहऱ्याकडे सारखं बघायचं, हा रागावला तर नाही ना म्हणून. दर हिवाळ्यात ते डिंक न्यायचे. त्या दिवशी ते आले तेव्हा सुभद्राबाईनं नुकताच एक खडा तोंडात टाकला होता, आणि भैय्याजी श्वास रोखून तिच्या गळ्याकडे बघत होते. गिळला. भैय्याजींनी श्वास सोडला. गुरुजी हे पाहतच राहिले.

"आमच्या वर्गातल्या एका मुलानं पेपरात लिहिलंय," गुरुजी म्हणाले, "की डिंक दौतीच्या कारखान्यात तयार होतो. दुसऱ्यानं लिहिलंय, तो म्हशीच्या शिंगातून निघतो. सुभद्राबाई, तुम्ही एकदा वर्गात याल का? मुलांना डिंकाची ओळख करून द्यायला? शनिवारी सकाळची शाळा असते."

सुभद्राबाईनं भैय्याजींकडे पाहिलं. भैय्याजी म्हणाले, "जाय वं सुभद्रा. शाळेत जाचं म्हणजे मानाचं काम हाय."

"पाह्यतो," ती म्हणाली, जणू तिला रोजच शाळांची बोलावणी येत होती.

पण मनात तिनं तिथल्या तिथे ठरवून टाकलं. मोठ्या माणसांचं राहू द्या, ती जुनी झाडं, वाकायची नाहीत. पोरं मात्र दहा वर्षांची. पोरांना आपल्या हातचं खाऊ घालायचं. त्यांनी खाल्लं तर खाल्लं. नाही खाल्लं तर मग ही गोष्ट मनातून कायमची काढून टाकायची, पुन्हा तिचं नाव घ्यायचं नाही. इतकं साधं तिनं ठरवलं, आणि शनिवारपर्यंत तिला धड झोप लागली नाही.

शनिवारी तिनं पौर्णिमेला विहारात जाताना नेसायचं पांढरं लुगडं नेसलं. एका पिशवीत वातीचा स्टोव्ह, छोटी कढई, झारा, तुपाची बाटली, पिठीसाखरेचा डबा. दुसऱ्या पिशवीत डिंकाच्या चार पुड्या. आणि हातात झाकण लावलेलं एक पातेलं, ते तिनं वाटभर कुणाच्या धक्क्याला लागू दिलं नाही.

गुरुजींनी इकडे जय्यत तयारी केली होती. काचेच्या चार बरण्या धुऊन, पुसून टेबलावर मांडल्या होत्या आणि प्रत्येकीवर सुवाच्य अक्षरात चिठ्ठी लावली होती: धावडा, बाभूळ, पळस, कडई. फळ्यावर तारीख, विषय, उद्देश. त्यांच्या कल्पनेप्रमाणे बाईंनी डिंक बरण्यांत घालायचा, मुलांनी रांगेनं येऊन बघायचं, जागेवर जाऊन लिहायचं, की झाला पाठ. सुभद्राबाईनं थोडा थोडा डिंक बरण्यांत घातलाही, पण मग पिशवीतून स्टोव्ह काढला तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग थोडा उतरला. पण वर्गासमोर काय बोलणार?

चौथीचा वर्ग म्हणजे अडतीस पोरं. पुढच्या पट्टीवर भांड्यांच्या दुकानदाराची शामला बसली होती. दोन घट्ट वेण्या, गळ्यात पितळी साखळी, आणि कुठलीही गोष्ट दोनदा विचारून घ्यायची खोड. तिनंच पहिला प्रश्न विचारला.

"धावड्याचं झाड केवढं असतं?"

सुभद्राबाईनं पिशवी टेबलाखाली सारली. मग म्हणाली, "मी त कधी पाह्यलंच नाही बापा ते झाड."

वर्ग हसला. गुरुजींनी खडू उचलला. सुभद्राबाई मात्र मुळीच वरमली नाही. "खरं सांगतो. जंगलातल्या बाया झाडाले हलकी चीर पाडतेत, मंग त्यातून रस येते, तो उन्हात वाळते, अन् त्या खरडून आणतेत. हे मले त्याईनंच सांगितलं. मी इतवारीतून कधी जंगलात गेली नाही. पण डोळ्याले पट्टी बांधा अन् माह्या जिभेवर खडा ठेवा, कोणत्या झाडाचा ते सांगतो."

आता वर्ग हसला नाही. जिला झाड माहीत नाही पण जीभ सगळं ओळखते, अशी बाई पोरांनी पहिल्यांदाच पाहिली होती. एका पोरानं लगेच रुमाल काढला. गुरुजी नको नको म्हणेपर्यंत सुभद्राबाईच्या डोळ्यांवर पट्टी बांधली गेली, चार पुड्यांतून चार खडे आले, आणि तिनं एकामागून एक चारही ओळखले. बाभूळ दाताला धरते. पळस तुरट. कडई विरघळत नाही, नुसती फुगते, आणि तिला आंबूस वास. धावडा जिभेवर मऊ होतो, दाताला चिकटत नाही, आणि शेवटी जराशी गोडी सोडून जातो. पोरांनी टाळ्या वाजवल्या. फळ्यावरच्या उद्देशाकडे कुणी पाहत नव्हतं.

मग तिनं पातेल्यावरचं झाकण काढलं. रात्री भिजत घातलेले कडईचे पाच-सहा खडे सकाळपर्यंत पातेलंभर झाले होते. पांढरा, लुसलुशीत, थरथरणारा गोळा. "हा उन्हाळ्यातला डिंक," ती म्हणाली. "नागपूरचं ऊन तुमाले मालूमच हाय. सरबतात घालाचा, पोटात थंडावा राह्यते." पोरांनी बोटं घातली, किंचाळली, पुन्हा घातली. पळसाचा लाल डिंक कंबरदुखीच्या औषधात पडतो हे ऐकून एकजण म्हणाला, आमच्या आजीला लागेल. बाभळीचा शाईत पडतो म्हटल्यावर दौतीच्या कारखान्यावाला मुलगा ताठ बसला आणि आजूबाजूला पाहू लागला, बघा, मी अगदीच चुकलो नव्हतो.

इथपर्यंत सगळं छान चाललं होतं. सुभद्राबाईनं धावड्याची पुडी उघडली, बारीकसे खडे तळहातावर घेतले आणि पुढच्या पट्टीकडे हात केला. "घ्या. तोंडात टाका. तोंडात टाकल्याबिगर डिंक वळखू येत नाही."

कुणी हात पुढे केला नाही.

लाजून नव्हे, पोट भरलेलं होतं म्हणून नव्हे. पोरं एकमेकांकडे बघत होती, आणि मग गुरुजींकडे. शामला म्हणाली, "आमची आई म्हणते, बाहेरचं कोणाच्या हातचं खायचं नाही." तिच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. घरात ऐकलेलं ती पाढ्यासारखं म्हणून मोकळी झाली.

"फक्त निरीक्षण, मुलांनो, फक्त निरीक्षण," गुरुजी घाईनं म्हणाले.

सुभद्राबाईनं मूठ मिटली. ही शांतता तिच्या ओळखीची होती. शेठाणींच्या ओसरीवर ती हीच होती, फक्त तिथे गोड हसणं होतं. म्हणजे दहाव्या वर्षापर्यंत शिकवून झालेलंच असतं तर, तिला वाटलं, आणि तिला फार वाईट वाटलं. तिला सगळं आवरून इंदोऱ्याला निघून जावंसं वाटलं.

गुरुजींना तिचा चेहरा दिसला. सज्जन माणूस, त्यांना लाज वाटली. पण भित्रा माणूस, त्यामुळे त्या लाजेतून त्यांनी भित्र्या माणसाचाच मार्ग काढला. कोट काढून खुर्चीवर टाकला, बाह्या सारल्या आणि म्हणाले, "आता डिंक तळण्याचा प्रयोग मी करतो. बाई, तुम्ही सांगा, तळतो मी. म्हणजे मुलांना चाखताही येईल."

म्हणजे काय ते सुभद्राबाईला लगेच कळलं. गुरुजींच्या हातचं झालं की कुणाच्या आईची हरकत नाही. तूप तिचं, साखर तिची, डिंक तिचा, स्टोव्ह तिचा. हात तेवढा गुरुजींचा.

"करा जी," ती म्हणाली आणि बाजूला सरकली.

गुरुजींनी तूप तापवलं आणि बरण्यांवर नजर फिरवली. धावड्याचे खडे बारीक, पिवळसर, गरिबासारखे दिसत होते. कडईचे मात्र मोठाले, पांढरेशुभ्र, काचेसारखे. उत्तम वस्तू दिसायलाही उत्तमच असणार, हा शाळेतला हिशेब गुरुजींच्या हाडात मुरलेला. चिठ्ठी त्यांनीच लिहिली होती, पण ती वाचण्याची गरज त्यांना वाटली नाही. त्यांनी पांढरे खडे मूठभर उचलले.

सुभद्राबाईनं ते पाहिलं. सांगता आलं असतं. तोंड उघडायचा अवकाश होता. पण ती काही बोलली नाही. सव्वीस वर्षांत तिनं पहिल्यांदा चुकीचा माल डोळ्यांदेखत पुढे जाऊ दिला, आणि तिला त्याचं बरं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही.

खडे तुपात पडले आणि पडूनच राहिले. गुरुजी म्हणाले, "आता पाहा, हे फुलतील." फुलले नाहीत. झाऱ्यानं हलवून पाहिले. खडे तपकिरी झाले, मग काळे झाले. एकदम असा आंबट जळका वास सुटला की मागच्या रांगेतली पोरं नाक धरून उभी राहिली. शेजारच्या वर्गातल्या मास्तरांनी दारातून डोकावून विचारलं, "काय हो वामनराव, कुठं काही जळून राह्यलं का?" पोरं पोट धरून हसत होती. गुरुजींच्या टोपीखालून घामाची धार लागली होती आणि झारा हातात तसाच होता.

आता मात्र सुभद्राबाईला त्यांची दया आली. थोडी लाजही वाटली, तिची तिलाच. "भिजवाचा डिंक तळला जी तुमी," ती हळूच म्हणाली. "दिसाले चांगला, पण तो तुपातला नोहे. सरका बरं."

गुरुजी निमूट सरकले.

तिनं कढई पुसली, नवं तूप ओतलं, तापू दिलं. मग ते गरिबासारखे दिसणारे पिवळे खडे चिमटीनं एकेक करून सोडले. पहिला खडा तळाशी गेला, हलला, वर आला आणि फट्कन फुलला. लाहीसारखा पांढरा, मूळच्या चौपट. दुसरा फुलला, तिसरा फुलला. पोरं जागा सोडून टेबलाभोवती आली. गुरुजींनी त्यांना जागेवर जायला सांगितलं नाही. तुपाचा वास वर्गभर पसरला, त्यानं मघाचा जळका वास पार पळवून लावला. तिनं फुललेला डिंक ताटात काढला, वाटीनं दाबून जरासा चुरला, वरून पिठीसाखर भुरभुरली आणि ताट टेबलावर ठेवलं. या खेपेला तिनं हात पुढे केला नाही. घ्या असंही म्हणाली नाही.

पोरं ताटाकडे पाहत उभी. शामलाच्या कपाळावर आठी पडली होती, गणित अडलं की पडते तशी.

"आमच्याकडे डिंक भैय्याजींच्याच दुकानातून येतो," ती म्हणाली.

"मंग तो मीच निवडतो," सुभद्राबाई म्हणाली.

"हातानं?"

"हातानं नाही त काय पायानं?"

"सगळा? एकेक खडा?"

"हरेक खडा."

शामलानं विचार केला. "म्हणजे माझ्या ताईला बाळ झालं होतं, तेव्हा आम्ही सगळ्यांनी लाडू खाल्ले. आईनं पण. आजोबांनी पण. ते तुमच्याच हातचे ना मग?"

सव्वीस वर्षं जी गोष्ट सुभद्राबाईनं मनात धरली होती ती या पोरीनं अशी सरळ टेबलावर काढून ठेवली. गुरुजी खिडकीबाहेर बघू लागले. तेही दर हिवाळ्याला तिथूनच डिंक नेत होते.

"मग काय," शामला म्हणाली, आणि चिमूटभर उचलून तोंडात टाकला. कुरकुर आवाज झाला. एवढा आवाज पुरे होता. दुसरा हात आला, तिसरा आला, मग ताटावर नुसती झुंबड. सगळ्यांनी काही खाल्लं नाही. मागे पाच-सात जण हात पाठीशी बांधून उभे राहिले, आणि सुभद्राबाईनं त्यांच्याकडे पाहून न पाहिल्यासारखं केलं. शेवटी ताटात जे उरलं ते गुरुजींनी घेतलं. अजूनही खिडकीबाहेर बघतच घेतलं, पण घेतलं आणि खाल्लं.

पोरं सुटल्यावर गुरुजी तिची पिशवी उचलायला आले. चेहरा पुन्हा भित्रा झालेला. "सोमवारी कुणाचे पालक आले तर मी सांगेन," ते म्हणाले, "तो एक प्रयोग होता म्हणून."

"प्रयोग तुमचा होता जी, तो जळला," सुभद्राबाई म्हणाली. "माह्यं ते खाणं होतं."

पण घरी जाताना तिच्या मनात धाकधूक सुरू झाली. पोरांनी खाल्लं, ते खोटं नव्हतं. पण पोरं घरी जाऊन बोलणार. बोलल्यावर घरच्यांनी त्यांना पुन्हा पढवलं तर? ती शामला उद्या रस्त्यात भेटली आणि मान खाली घालून निघून गेली तर? त्यापेक्षा तिनं खाल्लं नसतं तर बरं, असंही तिला वाटून गेलं. रविवार तिनं असाच काढला.

सोमवारी काही झालं नाही. मंगळवारी दुपारी ती गोदामात पोतं पालथं करून बसली होती, तेव्हा भैय्याजींनी हाक मारली. "सुभद्रा, बाहेर ये वं. पार्वतीबाई आल्या हायेत. तुलेच विचारून राह्यल्या."

पार्वतीबाई म्हणजे भांड्यांच्या दुकानाची मालकीण. ठसठशीत कुंकू, काठापदराचं नऊवारी, काखेत एक पत्र्याचा डबा, आणि मागे पदर धरून शामला. सुभद्राबाई दुकानाच्या पायरीपाशी येऊन उभी राहिली. भैय्याजी पान लावता लावता थांबले.

"तुमीच काय त्या शाळेत गेलेल्या?" पार्वतीबाईंनी विचारलं.

"हो जी."

"काय शिकवलं हो तुमी पोरीले?"

सुभद्राबाईनं पदराला हात पुसले.

"तीन दिवसापासून हे पोट्टी डबा घेऊन बसून राह्यली. जेवाचं भान नाही, खेळाचं नाही. एकेक खडा चाटून राह्यली नुसती. म्हटलं, काहून चाटतं वं? त म्हणते, निवडून राह्यली." पार्वतीबाईंनी डबा पायरीवर आपटलाच. "माह्या भावानं नरखेडहून आणला यंदा, जंगलातला, फुकटचा. म्हटलं बरं झालं, सुनेची बाळंतपणाची येळ हाय, लाडू होतील. शुक्रवारी तळाले घेतला त अर्धा फुलला अन् अर्धा जळला. घरभर आंबट वास. पावभर तूप गेलं माह्यं. शनिवारी हे शाळेतून आली अन् म्हणते, आई, तू भिजवाचा डिंक तळला."

भैय्याजींनी पान खाली ठेवलं.

"आता हिनं दोन ढीग केले हायेत," पार्वतीबाई जरा खालच्या आवाजात म्हणाल्या. "घरात कोणाचा इस्वास नाही. सून म्हणते लहान पोरीच्या भरोशावर तूप नासू नका. तुमी पाहून सांगा, बरोबर हाय काय."

सुभद्राबाई पायरीवर बसली. डब्यात मध्ये पुठ्ठ्याचा तुकडा उभा करून दोन कप्पे केले होते. एकात पांढरे, एकात पिवळे. तिनं पदरावर एक कप्पा ओतला आणि बोटं फिरवली. पोरीनं साल काढली होती. माती झटकली होती. पिवळ्यात एक बाभळीचा खडा होता, अजून एक होता, तिसरा एक. बस. एवढ्या डब्यात तीनच. भैय्याजींकडे नवीन बाई कामाला आली की पहिला महिना पोत्यात तीनशे चुका करते.

"कोणी सांगितलं तुले असं साल काढाले?" तिनं शामलाला विचारलं.

"तुम्ही काढत होत्या ना शनिवारी, बोलता बोलता," शामला म्हणाली. "नखानं."

सुभद्राबाईनं पिवळा ढीग पुन्हा एकदा बोटांनी सारखा केला. "तीन चुकले," ती म्हणाली. "बाकी पोरगी बरोबर हाय. लाडू करा बिनघोर."

"तीन कोणते?" पार्वतीबाईंनी विचारलं. त्यांनाही दोनदा विचारून घ्यायची खोड होती, आता कळलं मुलीत कुठून आली ते. "मले त सगळे सारखेच दिसतेत."

"दिसतेत सारखेच. नजरेनं नाही कळत, बाई." सुभद्राबाईनं एक पिवळा खडा तळहातावर घेतला आणि बोलण्याच्या भरात हात पुढे केला. "तोंडात टाका, मंग कळन."

हात पुढे गेल्यावर तिच्या ध्यानात आलं की आपण काय केलं. दुपारची वेळ, गल्ली माणसांनी भरलेली. हातगाड्या चालल्या होत्या. समोरच्या अडत्याच्या दुकानातली माणसं इकडेच बघत होती. हात मागे घ्यावा तर तेही बरं दिसेना. ती तशीच बसून राहिली.

पार्वतीबाईंनी खड्याकडे पाहिलं. मग तळहाताकडे. मग वर सुभद्राबाईच्या तोंडाकडे.

"आई, धावडा असला की दाताला चिकटत नाही," शामला मागून म्हणाली. "बघ ना तू."

पार्वतीबाईंनी खडा उचलला. पदराच्या टोकानं पुसला, आणि तोंडात टाकला. पुसला हे सुभद्राबाईनं पाहिलं. पुसला तर पुसला, तिनं मनाशी म्हटलं, डिंकाला धूळ असतेच. पार्वतीबाई डोळे अर्धे मिटून खडा या गालातून त्या गालात फिरवत होत्या. गल्लीत कुणीतरी हातगाडीला वाट मागत होतं.

"नाही चिकटत," त्या म्हणाल्या. "मऊ झाला. गोडसर लागून राह्यला शेवटी."

"तोच धावडा."

"अन् बाभूळ कसा लागते?" पार्वतीबाई पायरीवर टेकल्या, सुभद्राबाईच्या शेजारीच, आणि आपला हात तिच्यापुढे पसरला. "द्या बरं एक. दोन्ही चाखल्याबिगर समजाचं नाही मले."

सुभद्राबाईनं दुसरा खडा दिला. तो पार्वतीबाईंनी घेतला आणि सरळ तोंडात टाकला. पुसायचं त्यांच्या ध्यानातही आलं नाही, त्यांचं सगळं लक्ष जिभेकडे होतं. "अगं बाई, हा धरते की दाताले," त्या म्हणाल्या आणि मुलीकडे वळून हसल्या. मग पुन्हा हात पसरून म्हणाल्या, "आता तिसरा द्या."

सुभद्राबाईला इतकं बरं वाटलं, की पदरात एवढा ढीग असूनही त्यातला कुठला खडा उचलावा ते तिला सुचेना.